लवंगेचं तेल

"आता दिसते का कुठे बुरशी? सांगा ना, अप्पा!"

चन्नवीरने शेंगदाण्यांची पाटी गुरूंच्या पुढ्यात सरकवली. मठाच्या कोठीत ओल शिरली होती, दाण्यांवर हिरवट बुरशी धरली होती. उन्हात घालू, असं आचारी म्हणाला. चन्नवीरने त्याला चारचौघांत वेड्यात काढलं आणि स्वतःच्या डोक्याने लवंगेचं तेल लावलं. बुरशी खरंच हटली. रविवारी महाप्रसाद, पाचशे पानं, आणि चटणी याच दाण्यांची. स्वारी भलतीच खुशीत होती.

आचाऱ्याच्या अपमानाचं अप्पांच्या कानावर आलं होतं. "बरं नव्हे रे," एवढंच ते म्हणाले होते. नेहमी एवढंच म्हणायचे. विरूपाक्षअप्पा ऐंशीचे, बोलण्याचासुद्धा आता त्यांना शीण यायचा.

"तेल किती घातलंस?"

"अगदी बेताबेतानं. सात पोत्यांना एक वाटी."

अप्पांनी घोंगडीखालून एक कागद काढला. प्रयोगशाळेकडे त्यांनी दोन पुड्या धाडल्या होत्या. एक तेल लावलेल्या दाण्यांची, दुसरी तशाच राहिलेल्या पोत्यातली.

चन्नवीरने वाचलं. पुन्हा वाचलं. तेलाच्या दाण्यांत बुरशी निम्मी होती आणि तिचं विष दुप्पट.

"असं कसं होईल, अप्पा?"

"मरण्याइतकं तेल तिला मिळालं नाही. डिवचण्याइतकं मिळालं."



अप्पा भिंतीला धरून उठले. फावडं घेऊन परसात गेले आणि दाणे पुरायला खड्डा खणू लागले. दोन घाव घालायचे, थांबायचे, धापा टाकायचे.

चन्नवीरला ते बघवेना, आणि दाणे सोडवेनात.

"सहा गावं पायी फिरून मागून आणलेत हो! लोकांना काय तोंड दाखवू? खरपूस भाजू. तिखट जरा जास्त घालू."

"भाजून हे विष जात नाही."

"एका जेवणानं कोण मरतंय? कुणाला कळणारसुद्धा नाही!"

फावडं थांबलं.

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही... फार थकून. मग फावडं त्याच्या हातात दिलं आणि खड्ड्याच्या काठावर हळूच बसले.

"तुलाही मी पंधरा वर्षं बेताबेतानंच रागावलो रे..."