दिवाणसाहेबांचा उशीर

हरणगडच्या महाराजांना रविवारी घाटात गाडी पिटाळायचा भारी नाद. विलायतेहून दोन हलक्या, दोघांपुरत्या गाड्या आल्या, एक लाल अन् एक हिरवी. ठेवायची मात्र एकच. शिस्तीचे कडक दिवाण केळुसकर म्हणाले, "घाटमाथ्याला जाऊन यायचं. आधी परतेल ती घ्यावी." लाल गाडी शोफरने नेली, हिरवी स्वतः दिवाणांनी.

लाल अर्ध्या तासात परतली, हिरवी तासाभराने.

"अगदीच मंद आहे, सरकार," दिवाण पगडी सावरत म्हणाले. "लालच घ्या."

बाबालाल मिस्त्रीने वाकून दोन्ही मीटर पाहिले. सकाळचे आकडे त्याला पाठ होते. "सरकार, हिरवी घ्या."

"चुकलास तर उद्यापासून कामावर यायचं नाही," दिवाण गरजले.

"लाल बारा मैल फिरलीय, हिरवी चोवीस. गाडी मौजेसाठीच हवी ना, सरकार? जिच्यात बसल्यावर दिवाणसाहेबांनाही घाट पुन्हा चढावासा वाटला, तिच्यापुढे दुसरी कुठली टिकणार?"

महाराज थक्क होऊन मिस्त्रीकडे बघतच राहिले. साऱ्यांनी घड्याळ पाहिलं होतं, माणूस एकट्याने ओळखला होता. मग त्यांनी दिवाणांकडे नजर वळवली.

दिवाण खालमानेने पुटपुटले, "पेट्रोल संपत आलं, सरकार. नाहीतर तिसऱ्यांदाही गेलो असतो."