बेलीरामचं पेकन

“…मग कुऱ्हाड घालू का, बाबा?”

एवढं विचारून बेलीराम मठाच्या पायरीवर मटकन बसला.

हिमाचलातल्या त्या टेकडीवर संतोखनाथ एकटेच राहत. बेलीराम खालच्या गावचा, मोठा तालेवार बागवाला. पेकन म्हणजे अक्रोडाचा लांबट, पातळ कवचाचा भाऊ. त्याचं सगळ्यात उमदं कलम बेलीरामने धुंडाळून आणलं आणि अंगणात लावलं. शेजारी दुसऱ्या जातीचं एक लावा, असं रोपवाल्याने सुचवलं होतं. तेव्हा हा म्हणाला, वाघाला सोबत लागत नाही.

झाड घराच्या वर गेलं. दर वसंतात नरफुलांचे तुरे यायचे, परागाची पिवळी धूळ उडायची. फळ मात्र एक नाही. नाव मोठं, लक्षण खोटं, असं गाव म्हणू लागलं आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं.

“मादीफुलं उमललीत?” बाबांनी विचारलं.

“आजच. पण तुऱ्यांची धूळ कधीच उडून गेली.”

“म्हणजे तुझं झाड आधी देऊन मोकळं होतं… मग हात पसरतं.”

“पण तेव्हा त्याला देणार कोण?”

बाबा उठले आणि त्याला मागच्या बाजूला घेऊन गेले.

मठामागे त्यांचंही एक पेकन होतं, वेगळ्या जातीचं, वाकडंतिकडं. त्याचे तुरे आत्ता कुठे पिकले होते. बाबांनी एक फांदी मोडून बेलीरामच्या हातात ठेवली.

“हे आधी हात पसरतं, मागाहून देतं. जा. तुझ्या झाडावर चढ आणि ही झटक.”

या वाकड्याकडून घ्यायचं? बेलीरामला ते काही केल्या पचेना. तरी फांदी जपत तो टेकडी उतरला.

थंडीच्या तोंडावर तो परत आला, तो ढोल वाजवतच. पाठीवर पेकनांनी भरलेलं टोपलं, मागे सगळं घरदार. त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. जन्मात कुणापुढे न वाकलेला तो गडी बाबांच्या पायांवर पडला आणि आनंदाने ढसाढसा रडला.

बाबांनी एक पेकन फोडून तोंडात टाकलं. बराच वेळ चघळत राहिले.

“अस्सं लागतं होय…”

“बाबा, हे उपकार कसे फेडू?”

“पुढच्या वसंतात जरा लवकर ये. तुझे तुरे पिकले की एक फांदी घेऊन ये… माझंही झाड अजून फळलेलं नाही.”