उरकुडा पाणकराची वाट

आमच्या तलावाच्या पाळीवर आज जी आंब्याची झाडं आहेत, ज्यांच्या बुंध्याला दोघांची कवही पुरत नाही, ती लावलीसुद्धा नव्हती तेव्हाची ही गोष्ट आहे, बाप्पा हो. वैनगंगेच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये, आमचं कोसमटोला तेव्हा मूठभर घरांचं होतं. गावाला शाळा नव्हती, गावात अक्षर ओळखणारा माणूस नव्हता. तलाव मात्र होता, आणि त्या तलावावर गाव जगत होतं.

त्या गावात एका बाईची थोरली लेक तेवढी जगली, तिच्या पाठची लेकरं जगत नव्हती. पाळण्यात घातलं की जायची. म्हणून पुढचं लेकरू झालं तेव्हा तिनं ते सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. टाकलेलं लेकरू यमाला नको असतं, असं म्हणतात. मग तिच्या थोरल्या लेकीनं, पारबतानं, ते उचललं आणि घरी आणलं. उकिरड्यावरून आणलं म्हणून नाव ठेवलं उरकुडा. हे लेकरू जन्मल्यावर रडलं नाही, सुईणीच्या बोटांकडे पाहत राहिलं, जसं काही मोजतच होतं, असं म्हणतात.

उरकुडा जगला. पण माय-बाप लवकर गेले. पारबता नवरा वारल्यावर माहेरी परतली होती, तिनंच त्याला वाढवलं. तिला तो "बाई" म्हणायचा. बाई जेवायला हाक मारायची आणि हा अंगणात चिंचोके मांडून बसलेला असायचा. आधी एक चिंचोका. त्याच्या दोन बाजूंनी तीन. त्यांच्या बाहेरून पाच. मग सात. आणि दर वेळी चौकोन कसा पुरता भरतो, ते बघून तो एकटाच टाळ्या पिटायचा.

"अरे, भात निवून चालला," पारबता म्हणायची.

"बाई, हे कधीच चुकत नाही," तो म्हणायचा. "तू पाय तर खरं!"

ती बघायची. तिला चिंचोकेच दिसायचे. पण तो हसतो आहे, एवढं तिला पुरायचं.

मोठा झाल्यावर तो चिंचोके सोडून रेतीवर आला. उन्हाळ्यात तलाव आटला की पाळीखाली बारीक रेती उघडी पडते, तिथं तो बोटानं लिहायचा. आकडे कुणी शिकवलेच नव्हते, म्हणून त्यानं खुणाही आपल्याच केल्या. ठिपका, आडवी रेघ, पाखराच्या पायासारखी एक खूण. तो लिहायला बसला की वारा पाळीच्या पलीकडे थांबायचा, असं म्हणतात.

गावाला या लिहिण्याचं काही नव्हतं. गावाला पाहिजे होतं पाणी. दर वर्षी दिवाळीच्या आधी धान फुलोऱ्यावर यायचं, पाणी कमी पडायचं, आणि तलावाच्या तुडुमाजवळ, म्हणजे जिथून पाणी सोडतात त्या दाराजवळ, लाठ्या चालायच्या. एका साली दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या हातून मेले. त्याच साली डोमाजी पाटलानं उरकुड्याला बोलावलं आणि म्हटलं, "तू दिवसभर मोजतच असतो. तर आमचं पानी मोजून दे."

उरकुड्यानं तुडुमाशी एक काठी रोवली. काठीची सावली बघायची, तलावाचं पाणी बघायचं, आणि कुणाच्या बांधीला किती वेळ सोडायचं ते सांगायचं. पहिल्या साली लोक कुरकुरले. धान कापल्यावर बघितलं, तर वरच्या बांधीचं आणि शेपटाकडच्या बांधीचं पीक सारखं भरलं होतं. त्यानंतर आमच्या गावात पाण्यावरून कुणी हात उचलला नाही. उरकुडा गावाचा पाणकर झाला. तो पाण्यात नुसता हात घालून तलावात किती दिवसांचं पाणी उरलं ते सांगायचा, आणि पाणीही त्याचा शब्द मोडायचं नाही, असं म्हणतात. गाव त्याला मानायला लागलं. त्याच्या दारात नव्या धानाची पहिली टोपली यायला लागली.

पण रेतीवर तो काय लिहितो, हे कुणी विचारलं नाही. तो सांगायला गेला की लोक म्हणायचे, "हो ना जी, तुमचं बरोबरच असन," आणि आपल्या वाटेनं जायचे.

मग एका उन्हाळ्यात विश्वंभरशास्त्री आले. काशीला शिकलेले, म्हातारे झालेले, ग्रहगणित जाणणारे. रामटेकहून पूर्वेकडे आपल्या घरी चालले होते. पाळीजवळ त्यांच्या गाडीचा बैल लंगडला म्हणून उतरले, आणि रेतीवर त्यांना त्या खुणा दिसल्या. शेजारी उरकुडा उकिडवा बसला होता.

शास्त्री बराच वेळ उभे राहिले. मग धोतर सावरून रेतीत बसले आणि म्हणाले, "ही पाखराच्या पायाची खूण म्हणजे काय?"

उरकुड्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. तो पहिल्या खुणेपासून सांगायला लागला आणि दिवस मावळेपर्यंत थांबला नाही, असं म्हणतात.

शास्त्री दुसऱ्या दिवशी निघणार होते, ते पौर्णिमेपर्यंत राहिले. दोघं सकाळी रेतीवर बसायचे आणि पारबता बोलवायला येईतो उठायचे नाहीत. उरकुड्यानं त्यांना चिंचोक्यांचे चौकोन दाखवले. शास्त्रींचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "उरकुडा, वाईट वाटून घेऊ नकोस. हे हजार वर्षांपूर्वी लोकांना ठाऊक होतं. पोथ्यांत लिहिलेलं आहे."

उरकुडा उठून उभा राहिला. पारबता तेव्हा पाळीवर होती, तिला वाटलं याला काही लागलं. पण तो हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "म्हणजे आनखीन लोक आहेत?" तो म्हणाला. "असं बसून पाहनारे? म्हणजे मी एकटाच नाही?"

मग त्यानं शास्त्रींना ती गोष्ट सांगितली, जी त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. काही आकडे असे असतात, की त्यांचे चिंचोके सारख्या ओळींत मांडायला गेलं की मांडलेच जात नाहीत, काहीतरी उरतंच. अकरा तसा. तेरा तसा. सतरा, एकोणीस. मोठमोठ्या आकड्यांत ते विरळ होत जातात, पण मध्येच एखादी जोडी, आत एकच आकडा सोडून, लगत सापडते, अकरा-तेरासारखी. उरकुड्यानं विचारलं, "या जोड्या कधी सरतात का जी? का पुढे पुढे येतच राहतात?"

शास्त्रींनी डोळे मिटले. "हे मी कुठं वाचलेलं नाही," ते म्हणाले. "हे मला कुणी विचारलंही नाही." आणि निघताना त्यांनी उरकुड्याचे हात हातात घेतले. "थंडी सरली की गाडी पाठवतो. तू माझ्याकडे ये. पोथ्या आहेत, चार शिकलेली माणसं आहेत. तू आणि मी बसू."

त्या साली उरकुडा पाणी वाटताना गुणगुणायचा. थंडी सरली, तसा तो पाळीच्या टोकाला जाऊन पूर्वेच्या वाटेकडे पाहायला लागला.

गाडी आली. शास्त्रींनी शब्द मोडला नव्हता. उरकुडा त्या वेळी शेपटाकडच्या बांध्यांत पाट उकरत होता. गाडी आधी दिसली ती डोमाजी पाटलाला. पाटील वाईट माणूस नव्हता, बाप्पा हो, हे ध्यानात ठेवा. मेलेल्या त्या दोन भावांत एक त्याचा जावई होता. चार माणसं त्याच्याभोवती जमली आणि एकच बोलली, "हा गेला तर आमचं पानी कोन वाटन?"

पाटील गाडीवानाला म्हणाला, "उरकुडा गेला. हिवाळ्यात ताप आला, त्यात गेला."

गाडीवान लांबून आला होता. त्याचं मन मानेना. "घरचं कुणी आहे का?" त्यानं विचारलं. तेव्हा पारबताला बोलावलं. तिला सगळं समजलं. हा तिनं उकिरड्यावरून उचलून आणलेला भाऊ. तो जेवण विसरतो, अंगावरचं पांघरूण विसरतो. परमुलखात त्याला कोण हाक मारील?

"बाई, भाऊ गेला हे खरं का?" गाडीवानानं विचारलं.

पारबता काही बोलली नाही. तोंडाला पदर लावून ती खाली बसली आणि रडायला लागली. गाडीवानानं तेच उत्तर मानलं, हात जोडले आणि गाडी वळवली.

गावात सगळ्यांना ठाऊक झालं. उरकुड्याला कुणी सांगितलं नाही. तो त्या साली वाटेकडे पाहत राहिला, आणि पुढच्या साली, आणि त्याच्या पुढच्या. लोक तिकडून जाताना मान खाली घालायचे. "शास्त्रीबुवाले काम पडलं असन," तो आपणच म्हणायचा आणि रेतीकडे वळायचा. केस पांढरे झाले तरी तो त्या जोड्यांच्या मागे होता. रेती पुरेना म्हणून तो आटलेल्या तलावाच्या मधोमध जाऊन लिहायचा, आणि पाळीवरून पाहिलं तर सगळा तलाव खुणांनी भरलेला दिसायचा, असं म्हणतात.

अशाच एका उन्हाळ्यात एक वाटसरू पाणी प्यायला थांबला. त्यानं रेतीवर पाहिलं आणि ओंजळीतलं पाणी सांडलं. "या खुणा तुम्हाला कुणी शिकवल्या?" तो म्हणाला. "आमच्या गुरुजींनी आम्हाला शिकवल्या. उरकुड्याचे आकडे म्हणून."

"मीच उरकुडा," उरकुडा म्हणाला.

वाटसरू म्हणाला, "तुम्ही तर गेलात ना? गाडीवानानं येऊन सांगितलं होतं. गुरुजी दर सर्वपित्री अमावस्येला आपल्या बापाच्या बरोबरीनं तुमच्या नावानं तीळपाणी सोडायचे."

"आनि आता?"

"गुरुजी परवाच्या साली वारले."

उरकुडा आपल्या खुणांकडे वळला. मग त्यानं एकच विचारलं. "त्या जोड्यांचं त्यांना काही सापडलं का?"

"नाही," वाटसरू म्हणाला. "ते म्हणायचे, हे दोघांनी बसून करायचं काम होतं."

उरकुडा घरी आला. पारबता सुपात तांदूळ पाखडत होती.

"बाई, गाडी आली होती?"

सूप थांबलं. "आली होती."

"तू काय सांगतलं?"

"मी काई नाही सांगतलं रे. मी रडली."

त्यानं मान हलवली. "शास्त्रीबुवा गेले म्हने," तो म्हणाला, आणि हातपाय धुवायला गेला. त्यानं तिला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. पारबता मात्र त्यानंतर पोटभर जेवली नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी गाव त्याच्या अंगणात जमलं. पाटील आता काठीवर चालत होता. त्यानं पागोटं काढून उरकुड्याच्या पायाशी ठेवलं. "उरकुडा, जितेपनी आमी तुले मारलं रे. पानी कोन वाटन, हाच भेव होता."

उरकुड्यानं पागोटं उचलून पाटलाच्या हातात दिलं. "पाटील, मले विचारलं असतं तर पानी वाटाले मी कोनालेही शिकवून गेलो असतो," तो म्हणाला. "एका पावसाळ्याचं काम होतं."

आणि त्यानं ते खरं करून दाखवलं. पाऊस आला तसं त्यानं ज्याला त्याला तुडुमाशी बोलावलं. काठी, सावली, पाणी, बांधी. धान कापणीला आलं तोवर गावातली म्हातारी माणसंही पाणी वाटायला शिकली होती. तेव्हा गावाला खरं रडू आलं. इतकं सोपं होतं ते.

रेतीवर मात्र उरकुड्यानं पुन्हा बोट ठेवलं नाही. उन्हाळा आला, रेती उघडी पडली, तो नुसता तिच्याकडे पाहत बसायचा. लोक येऊन म्हणायचे, "दादा, लिहा ना जी. आमाले शिकवा. आमी बसतो." तो हसायचा आणि म्हणायचा, "आता राहू द्या." दोन उन्हाळे असे गेले. तिसरा त्यानं पाहिला नाही.

तो गेला त्या सकाळी सारसांचा एक थवा तलावात उतरला, असं म्हणतात. सारस नेहमी जोडीनं असतो, इतके एकत्र कुणी पाहिले नव्हते. ओल्या गाळावरून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेले आणि उडाले. मागे गाळात पावलं राहिली, ओळीनं, मध्ये मोकळी जागा सोडून, पुन्हा ओळीनं. उरकुड्याला पोचवून आलेले लोक पाळीवर उभे राहिले. पारबता म्हणाली, "कोनी वाचा रे. तो काही सांगत असन." पण वाचणार कोण? त्याच्याजवळ गावातलं कधी कुणी बसलंच नव्हतं. मग गुरं पाण्यावर आली आणि सगळं तुडवलं गेलं.

त्या जोड्या सरतात की सरत नाहीत, हे अजून कुणालाच ठाऊक नाही, असं शिकून आलेली पोरं सांगतात.

आमच्या गावात तेव्हापासून एक रीत आहे. कुणाचं लेकरू गाव सोडून शिकायला निघालं की सगळं गाव पाळीच्या टोकापर्यंत त्याच्याबरोबर जातं. त्याचं सामान पाटलाच्या घरचा माणूस डोक्यावर घेतो, मग तो कितीही मोठा असो आणि ते लेकरू कुणाच्याही घरचं असो. परत कधी येशील, असं विचारायचं नाही. घरच्या बाईला रडायला बंदी नाही. पण रडून झाल्यावर तिनं पदर बाजूला करायचा आणि सगळ्यांना ऐकू येईल असं तोंडानं म्हणायचं, "जाय."

गेल्या साली भोजराम ढिवराची नात नागपूरला निघाली. तिची आजी पाळीवर खूप वेळ रडली. मोटार थांबून राहिली, डोक्यावर पेटी घेतलेला आताच्या पाटलाचा नातू थांबून राहिला, गाव थांबून राहिलं. कुणी घाई केली नाही. शेवटी म्हातारीनं तोंड पुसलं आणि म्हटलं, "जाय वो माय, जाय."

मग उरकुड्याचं नाव घेऊन आम्ही पोरीला वाट दिली.