विश्राम मेस्त्रीचे रिकामे पाट

कोकणातल्या एका गावात विश्राम मेस्त्री नावाचा एक मूर्तिकार राहत होता. त्याच्या हाताला तोड नव्हती, कान मात्र फार सोयीचे होते. बहिरा नव्हता हं! सांगणाऱ्याचं पहिलं वाक्य तो नीट ऐकायचा. ते मनाजोगं निघालं की पुढचं ऐकायची त्याला गरजच वाटत नसे.

त्याच्या गणपतीच्या शाळेची, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्याची, एक रीत होती. श्रावण लागला की घरोघरची माणसं आपापला लाकडी पाट शाळेत आणून देत. त्या पाटावर त्या घरचा गणपती घडायचा, आणि दरवर्षी तो तसाच घडायचा. कुणाचा उंदरावर बसलेला, कुणाचा तक्क्याला टेकलेला, कुणाचं पीतांबर डाळिंबीच हवं. त्यात तसूभर फरक चालत नसे. आता गणपती तर पाण्यात जातो. विरघळलेल्या मूर्तीशी नवी मूर्ती ताडून कशी पाहणार? म्हणून मूर्ती घरी जाण्याआधी विश्राम तिचा फोटो काढायचा.

त्याची लेक शेवंती लग्न होऊन कुडाळला गेली होती. तिनं इंटरनेटवर एका फुकटच्या जागेत बापाच्या शाळेचं पान उघडून दिलं होतं. दरवर्षीचे फोटो ती तिथे चढवायची. ते चढले की विश्राम आपल्या फोनमधले पुसून टाकायचा, कारण फोनमध्ये जागा पुरत नसे. तिथे आहेत ना, मग इथे कशाला, असा त्याचा सरळ हिशेब. मुंबईतले चाकरमानी ते पान उघडत, आपल्या घरचा गणपती ओळखत आणि तिथूनच कळवत की यंदाही असाच करा.

पण फुकटच्या घरात नको ते पाहुणेही येतात. एके दिवशी गजाननाच्या पायाशी बनियनची जाहिरात नाचायला लागली. विश्रामला ते अगदी सहन होईना. शेवंतीनं मग स्वतःच्या नावाची, स्वतःच्या मालकीची नवी साइट घेतली आणि जुन्या पानावरचं सगळं तिकडे हलवलं. हलवून झाल्यावर तिनं बापाला फोन केला.

"बाबांनू, फोटो नव्या जागेर दिसतंत," ती म्हणाली. "पण ते अजून जुन्या घरातसून येतत. माझां काम उरलां आसा. तोवर जुन्या घराक हात लावू नका."

विश्रामनं पहिलं वाक्य ऐकलं आणि नवी साइट उघडली. झकास! एकूण एक गणपती आपापल्या जागी बसलेला, पायाशी बनियन नाही की काही नाही. लेकीचं बाकीचं बोलणं त्या आनंदात वाहून गेलं.

आता विश्रामला एकच गोष्ट खटकत होती. एका घरात दोन गणपती पुजत नाहीत, मग एका मूर्तिकाराची दोन पानं कशी चालतील? नव्याची प्रतिष्ठापना झाली, आता जुन्याचं विसर्जन करायला हवं. त्यानं फोन देवापुढे ठेवला, त्यावर चार अक्षता टाकल्या आणि उत्तरपूजेत मूर्ती हलवतात तसा तो जागचा थोडा हलवला. मग जुनं खातं बंद करायला घेतलं. फोननं विचारलं, खातं बंद करायचं आहे का? त्याखाली बरंच काही बारीक अक्षरांत लिहिलं होतं. विश्रामनं पहिली ओळ वाचली, 'होय' वर बोट ठेवलं आणि तोंडानं 'पुनरागमनाय च' म्हटलं. एक काम नीट पार पडल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं.

पुढच्याच आठवड्यात सरस्वतीकाकी घाडी पाट घेऊन आली. आदल्या वर्षी तिचा नवरा भिकाजी वारला होता. घरात सुतक होतं, म्हणून गणपती आला नव्हता. यंदा येणार होता. वारण्याच्या आधीच्या चतुर्थीला भिकाजी आजारी असूनही शाळेत येऊन बसला होता आणि त्यानं आपल्या गणपतीचे डोळे समोर बसून करून घेतले होते. नजर सरळ नको, किंचित खाली हवी, घरातलं लहान पोर पायाशी रांगत आलं तर देवाला दिसलं पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. काकीला यंदा तेच डोळे हवे होते. भिकाजीची आठवण म्हणून आता तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

तिनं आपला जुनाट फोन पुढे केला. "विश्राम, माझो गणपती खंय गेलो? हंय नुसतो चौकोन दिसता."

विश्राम हसला. "काकी, तुमचो फोन म्हातारो झालो. गणपती खंय जातलो? ह्यो बघा माझ्या फोनार."

आणि खरंच, त्याच्या फोनवर गणपती होता. खाली झुकलेली नजर, हिरवा शेला, सगळं जागच्या जागी. काकीनं पदरानं डोळे टिपले. "असोच करून दी. डोळे तेवढे तसेच व्हये," एवढं म्हणून ती पाट ठेवून गेली.

मग मुंबईहून फोन सुरू झाले. कुणी म्हणे चौकोन दिसतो, कुणी म्हणे फोटोच्या जागी नुसतं नाव आहे. विश्राम गोंधळला. आपल्याला दिसतं आणि दुसऱ्याला दिसत नाही, असं कसं होईल? त्यानं एकाला सांगितलं, तुमच्याकडे रेंज नाही. दुसऱ्याला सांगितलं, पावसानं होतं तसं. तिसरा म्हणाला की तो दुबईत आहे आणि तिथे पाऊस नाही, तेव्हा विश्रामनं त्याला चष्मा तपासायला सांगितला. फोन ठेवला की तो आपली साइट उघडायचा. सगळे गणपती दिसायचे. मग त्याला जगाचाच संशय यायचा.

तरी मनात कुठेतरी खुटखुटत होतंच. कुणाची दृष्ट लागली असेल म्हणून त्यानं एक नारळ फोडला. नारळ चांगला निघाला, पण फोन थांबले नाहीत. शेवंतीला विचारावं असं एकदा मनात आलं. मात्र ती काहीतरी नको म्हणाली होती एवढं त्याला अंधूक आठवत होतं, आणि काय नको म्हणाली होती ते आठवत नव्हतं. अशा वेळी माणूस ज्याला ठाऊक आहे त्याला सोडून भलत्यालाच विचारतो. विश्रामनं झेरॉक्सवाल्या बाबलला विचारलं.

बाबलला प्रत्येक दुखण्यावर एकच औषध ठाऊक होतं. "फोनाची मेमरी भरली असतली. सगळां पुसून टाक, मगे परत उघड."

विश्रामनं पुसलं आणि साइट परत उघडली.

चौकोन. वरपासून खालपर्यंत रिकामे चौकोन, आणि प्रत्येकाखाली घराचं नाव. घाडी, राऊळ, तेली, परब. नावं होती आणि देव नव्हते. विश्रामनं एकेक चौकोन बोटानं दाबून पाहिला. ज्यांना ज्यांना त्यानं चष्मा तपासायला सांगितला होता, ती सगळी माणसं त्याच्या डोळ्यांपुढून गेली.

कामं मात्र थांबत नव्हती. चतुर्थी तोंडावर आली. मूर्ती वाळल्या, रंगल्या. शेवटची राहिली ती डोळ्यांची आखणी. ती विश्राम दुसऱ्या कुणाला करू देत नसे. बाकीच्या घरांचे गणपती त्याच्या हाताला पाठ होते, ते त्यानं कसेबसे उरकले. काकीच्या गणपतीपुढे मात्र त्याचा कुंचला हवेतच थांबला. नजर खाली होती हे त्याला आठवत होतं. पण किती खाली? पापणी जाड होती की बारीक? ते डोळे त्यानं काढले असले तरी ते भिकाजीच्या बोलण्यावरून काढले होते, आणि भिकाजी आता सांगायला येणार नव्हता.

एक सोपी वाट होती. आपल्या अंदाजानं डोळे काढायचे. काकीची नजर अधू, तिचा फोन आंधळा, कुणाला कळणार होतं? विश्रामनं कुंचला रंगात बुडवलाही. पण काकीनं पदरानं टिपलेले डोळे त्याला आठवले आणि त्याची त्यालाच लाज वाटली. त्यानं कुंचला खाली ठेवला आणि लेकीला फोन लावला.

"शेवंते, माझां चुकलां," तो म्हणाला, आणि अक्षतांसकट सगळं सांगून टाकलं.

शेवंतीनं जुनं पान उघडून पाहिलं, ते नव्हतंच. मग म्हणाली, "बाबांनू, नव्या घरात आपण नुसते पाट मांडलेले. मूर्ती सगळ्यो जुन्याच घरात. नव्या पाटार बघलां की थंयली मूर्ती दिसायची. तुमी ता घरच बुडयलात."

"पण माझ्या फोनार तर दिसत होते!"

"तुमच्या फोनान आधी बघलेले, ते त्याच्या ध्यानात रवलेले. तो आठवणीतले दाखवी होतो. लोकांचे फोन खरां सांगत होते."

विश्रामला एकेक चौकोन आठवला. म्हणजे शहाणा समजलेला आपला फोन भ्रमात होता, आणि म्हातारा ठरवलेला काकीचा फोन खरं बोलत होता. "माका वाटलां, दिसतंत म्हणजे आसत," तो हळूच म्हणाला.

शेवंती समजूतदार होती. बंद केलेलं खातं काही काळ राखून ठेवतात, हे तिला ठाऊक होतं. मुदत टळली नसेल तर ते परत मिळेल, असं तिनं सांगितलं. तिनं अर्ज केला. मग वाट पाहणं आलं. तेवढ्या वेळात विश्रामनं देवाला काय काय कबूल केलं ते त्याचं त्याला ठाऊक. विसर्जन करताना 'पुन्हा या' म्हणायची रीत आपल्यात आहे हे किती बरं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

आणि जुनं खातं परत आलं. नव्या साइटवरचे सगळे चौकोन भरले. मुंबईचे फोन आले की दिसले, दिसले! विश्रामच्या जिवात जीव आला.

आता खरी गंमत बघा. सगळं पुन्हा पहिल्यासारखं दिसत होतं. चतुर्थी दारात होती, शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. शेवंती म्हणाली, "आता एकेक फोटो उतरवून आपल्या घरात ठेवूक व्हयो. किचकट काम आसा. गणपती होऊन जावंदेत, मगे करूया काय?"

जुना विश्राम असता तर सोयीचं तेवढं वाक्य धरून 'हो' म्हणाला असता. पण या वेळी त्यानं लेकीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. "मगे नको," तो म्हणाला. "आजच."

माणसं खोळंबली, कुरकुरली. विश्राम एका बाजूला फोन घेऊन बसला. शेवंती कुडाळहून सांगायची तसा एकेक फोटो तो जुन्या घरातून उतरवायचा आणि नव्या घरात ठेवायचा. मग ती जुन्या घराशी जोडलेला धागा तोडायची. मोठी बोटं चुकीच्या जागी लागायची, पुन्हा पहिल्यापासून करावं लागायचं. पण एवढ्यावर तो थांबला नाही. आपल्या फोनवर त्याचा आता काडीचा विश्वास नव्हता. तो सरस्वतीकाकीच्या दारात गेला आणि म्हणाला, "काकी, तुमचो फोन माका दिया. माझ्यापेक्षा तो शाणो आसा."

काकीला काही उमगलं नाही, पण तिनं फोन दिला. मग एकेक फोटो नव्या जागी ठेवायचा आणि काकीच्या फोनवर उघडून बघायचा, असं चाललं. ज्या फोनला त्यानं नावं ठेवली होती, त्याच्याच होकारासाठी तो आता श्वास रोखून बसायचा. सगळ्यात शेवटी घाडींचा गणपती नव्या घरात आला. तो समोर ठेवून विश्रामनं कुंचला उचलला आणि डोळ्यांची आखणी केली.

चतुर्थीला काकी पाट न्यायला आली. तिनं मूर्तीपुढे वाकून बराच वेळ पाहिलं. मग काकी म्हणाली, "ह्यांनी सांगलेले तसेच." एवढंच. विश्रामनं मान फिरवली आणि उगाच रंगाचे डबे आवरायला लागला.

गावचे सगळे गणपती पाण्यात गेल्यावर विश्रामनं लेकीला फोन केला. जुनं घर बंद करायचं का, असं विचारलं आणि तिचं उत्तर शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं. मग बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली आणि जुनं खातं बंद केलं. बंद झाल्यावर तो तडक काकीकडे गेला. बाबलच्या औषधानं तिच्या फोनच्या ध्यानात राहिलेलं त्यानं आधी पुसून टाकलं.

"काकी, फोन उघडून बघा. गणपती आसा?"

काकीनं फोन डोळ्यांजवळ धरला. घरातला चौरंग रिकामा होता, त्यावरची फुलं अजून सुकायची होती. फोनमध्ये मात्र हिरव्या शेल्यातला गणपती किंचित खाली बघत बसला होता.

"आसा रे बाबा," काकी म्हणाली. "हंयच आसा."

तात्पर्य: दिसतं ते सगळं आपल्यापाशी असतंच असं नाही. घर बदलताना जपायची वस्तू आधी स्वतः उचलून आपल्या घरात ठेवावी, ती आली की नाही हे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पडताळावं, आणि मगच जुन्या घराचं दार लावावं.