सरकारांची मोटार आणि उसाचा ट्रक

मिरज ते लेह अशी जुन्या मोटारींची शर्यत होती. जागा एकच उरलेली आणि दावेदार दोन: गॅरेजवाली तानूअक्का आणि जयसिंगराव सरनोबत सरकार. कुठल्याही गावात पार्ट मिळावा, म्हणून अक्कानं मुद्दाम ॲम्बॅसडर निवडलेली आणि दोन वर्षं खपून भंगारातून उभी केलेली. सरकारांची विलायती मोटार नुसती चकाकत होती.

सरकारांनी ॲम्बॅसडरचं बॉनेट उघडून नाक मुरडलं.

"रेडिएटर टेम्पोचा, पंखा जीपचा! हिच्यात मूळचं राहिलंय काय? माझ्या मोटारीचा तीस वर्षांत एक स्क्रू बदललेला नाही."

पंचांनी मान डोलावली. तेवढ्यात अक्काला सरकारांच्या मोटारीच्या चाकात उसाचं पाचट अडकलेलं दिसलं.

"सरकार, बंगल्यावरनं मोटार आणली कशी?"

"त्या समोर उभ्या उसाच्या ट्रकवर. रस्त्याला खड्डे किती आहेत!"

"मग पंचसाहेब, शर्यतीत त्या ट्रकचं नाव घाला की. बंगल्यावरनं इथवर पळालाय तो एकटाच!"

पंचांनी पोट धरून हसत ॲम्बॅसडरचं नाव लिहिलं. ट्रकवाला तेवढा घाबरून पुढं आला.

"अक्का, लेहला नको गं! मला उद्या कारखान्यावर ऊस टाकायचाय!"