सिद्राम मशीनचा ताप मोजतो

एका गावात एक भोळा कारागीर होता आणि त्याला शहाणं करायला निघालेला एक दीडशहाणा होता. कारागिराचं नाव सिद्राम. दीडशहाणा मी. कॉम्प्युटरचं दुकान माझंच.

लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्या रेवतीताईंचा कॉम्प्युटर ऐन कामात तापून बंद पडायचा. "आत पाणी फिरवून थंड राहणारं मशीन बनवतो," अशी फुशारकी मी मारली. ताई म्हणाल्या, "माझ्यासमोर चालवून दाखवा. थंड राहिलं तर स्टुडिओतली सगळी मशीनं तुमच्याकडून. नाहीतर मी चालले पुण्याला." एवढं मोठं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळणार नव्हतं.

मी सिद्रामला म्हटलं, "मशीनला मोठा व्हिडिओ जोडायला लाव आणि किती तापतंय ते बघ."

त्याने व्हिडिओ लावला आणि लगेच ओरडला, "अण्णा, बत्तीस डिग्री! नुसता माठ हाय, माठ!"

मीही नाचलो. शेजारच्या दुकानांत पेढे वाटून आलो. मग आठवलं, पाणी सावकाश तापतं.

"अरे, लगेच बघायचं नसतं. अर्धा तास हात बांधून बसायचं, मग आकडा बघायचा."

"बरं अण्णा. आता तसंच करतो."

मी चहा पिऊन आलो, तर मशीनच्या नळीतून पाणी टपकत होतं. सिद्राम समोर हात बांधून बसला होता.

"अरे, पाणी गळतंय!"

"व्हय की, मगाधरनं गळतंय. पण अर्धा तास कुठं झालाय?"

मशीन वाचलं ते नशिबाने. मी नळी घट्ट केली, सगळं सुकवलं आणि बजावलं, "पाणी गळताना दिसलं की विचार करायचा नाही. आधी मेन स्विच बंद!"

"बरं अण्णा. आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. समोरच्याच मंगल कार्यालयात त्यांना शूटिंग होतं. "मुहूर्ताआधी मला सोडा," म्हणाल्या. मशीन सुरू झालं. आकडा साठावर, म्हणजे धोक्याच्या बराच खाली, जाऊन थांबला, हलेना. मी मिशीवर हात फिरवला. खोलीत उकडत होतं. ताईंच्या कपाळावरून घामाचा थेंब गळला.

सिद्राम उठला आणि त्याने मेन स्विच बंद केला.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ताईंनी वैतागून खिडकी उघडली, तसा आकडा घसरला. मी सिद्रामवरच खेकसलो, "बाहेरची हवा आली की माप खोटं होतं, कळत नाही? अर्धा तास खोलीत काही बदलू द्यायचं नाही! खिडकी नाही, पंखा नाही, माणसांची ये-जा नाही."

"बरं अण्णा. आता तसंच करतो."

त्याने खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली.

पंचवीसेक मिनिटांनी ताई उठल्या. "मुहूर्त आला, मला जाऊ द्या."

"न्हाई ताई. तीन माणसं होती, तीनच ऱ्हाणार."

तेवढ्यात दारावर धडाधडा थापा पडल्या. बाहेर नवरीचे वडील. "रेवतीताई हायत का आत? नवरा-नवरी हार घेऊन उभी हायत!"

"हायत," सिद्राम म्हणाला. "पण तुमी आत येऊ नका. खोली तापंल."

ताई माझ्याकडे वळल्या. "अण्णा, आत्ताच्या आत्ता दार उघडा. नाहीतर तुमचं एकही मशीन मी घेणार नाही."

सिद्रामने किल्ली बाहेर काढली. जन्मात पहिल्यांदा त्याने काही करण्याआधी विचारलं.

"अण्णा, उघडू?"

मी आकड्याकडे बघितलं. साठ. अगदी जागच्या जागी.

"खुळा का काय तू?" मी म्हणालो. "दोनच मिनिटं राहिलीत. दार दाबून धर!"