धोंडू अस्वलाचं नवं कार्ड

प्राणी आपापली यंत्रं स्वतःच चालवत, त्या काळातली ही गोष्ट. चिमी खार आणि ठोकबा सुतारपक्षी यांनी लाकूड कोरणारं यंत्र चालवायचा प्रोग्राम लिहिला होता. तो कुणीही फुकट न्यावा, हवा तसा बदलावा. दिवसाचं दाणापाणी आटोपलं की दोघं तो सुधारत बसत.

म्हाताऱ्या हरिणीचा एक पाय सापळ्यात अडकून तुटला होता. तिच्यासाठी लाकडी पाय कोरायचा म्हणून धोंडू अस्वलाने प्रोग्रामचे हुकूम यंत्रापर्यंत पोचवणारं चकचकीत नवं कंट्रोलर कार्ड आणून आपल्या यंत्राला बसवलं आणि हा प्रोग्राम लावला, पण यंत्र जागचं हलेना. तो रागारागाने चिमीकडे आला.

"तुमचा प्रोग्राम बिघडलाय. ती बिचारी किती दिवस बसून राहणार?"

"धोंडूदादा, हे कार्ड आम्ही कधी पाहिलंसुद्धा नाही," चिमी म्हणाली. "आमच्याकडे जी कार्डं आहेत, त्यांच्यावरच आम्ही प्रोग्राम तपासतो. तसलं आणा, आजच चालेल. नाहीतर हे घेऊन आमच्याजवळ बसा."

दुसरं कार्ड कुठून आणणार? धोंडू कुरकुरत बसला. चिमी आणि ठोकबा एकेक ओळ बदलायचे, धोंडू यंत्र चालवून काय झालं ते सांगायचा. हळूहळू त्याची कुरकुर थांबली. "ताई, आधी दोन घास खाऊन घे," असं तोच चिमीला म्हणू लागला.

अखेर एका संध्याकाळी यंत्र सुरळीत चाललं. धोंडूने लाकडी पाय कोरून बसवला आणि हरिणी चार पायांवर पाणवठ्यापर्यंत जाऊन आली.

पुढे शेजारच्या रानातलं रानडुक्कर असंच वेगळं कार्ड घेऊन तणतणत आलं. चिमी काही बोलणार, तोच धोंडू सरकून म्हणाला, "ये बाबा, माझ्याजवळ बस. कुठे अडतंय ते नीट सांग."